सन्मान निधी आणि बटाईदार

वसंत : अण्णा, आईच्या खात्यावर किसान सन्मान निधीचे दोन हजार जमा झाले, परंतु आपली जमीन तर बटाईने दिलेली, मग...

अण्णा : आधी योजना समजून घे, ‘परंतु’ मागाहून काढ. 2019च्या फेब्रुवारीत केंद्राने आरंभलेल्या या योजनेत खातेदार कुटुंबास, म्हणजे पतिपत्नी व त्यांची अज्ञान मुले यांस मिळून, वर्षास 6000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात, आणि 2023पासून राज्य सरकार ‘नमो’च्या नावाने तितकीच भर घालते. आरंभी दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती काही महिन्यांतच उठली, त्यामुळे वीस गुंठेवाल्यास आणि वीस एकरवाल्यास रक्कम सारखीच.

वसंत : असेना का. पण राबतो तो बटाईदार...

अण्णा : थांब जरा. आयकर भरणारे वगळले, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील वगळले, ते यथायोग्यच झाले. परंतु ज्याने उभी हयात फेरफार तपासण्यात आणि तगाईच्या वसुलीत घालवली, त्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनास निवृत्तिवेतन दरमहा दहा हजारांहून अधिक म्हणून अपात्र ठरवावे, आणि माझ्या टेबलावर पाणी ठेवणाऱ्या शिपायास मात्र चतुर्थ श्रेणीचा म्हणून सूट द्यावी, हा कुठला न्याय? रकमेचा लोभ मला मुळीच नाही...

वसंत : अण्णा, बटाईदार.

अण्णा : ऐक तर मग. हा पैसा सातबाऱ्याच्या मागून चालतो, नांगर कोणाच्या हाती आहे हे तो विचारीत नाही. 1 फेब्रुवारी 2019 रोजी अधिकार अभिलेखात नाव असलेला खातेदार पात्र, पुढे वारसाने नाव लागलेलाही पात्र. बटाईदाराचा रकानाच त्या अर्जात नाही.

वसंत : आणि गारपिटीची भरपाई?

अण्णा : पंचनामा शेताचा होतो, रक्कम खातेदाराच्या खात्यावर पडते.

वसंत : मग बटाईचा रीतसर करार करून त्याचे नाव कागदावर आणले तर?

अण्णा : शिकलास एवढा, आणि वहिनींना भूमिहीन करायला निघालास! दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा इसम, मालकाच्या कुटुंबातला किंवा मजुरीवरचा गडी नसेल तर, कूळ समजला जावा, असे ज्या मुंबईच्या 1948च्या कायद्याने ठरविले आणि ज्याच्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 रोजी कुळे जमिनीची मालक मानली गेली, तो कायदा आपल्या सातारा जिल्ह्यात आजही जिवंत असून, त्या दिवसानंतर लागलेल्या कुळासही त्यात खरेदीचा हक्क आहे. कसणाऱ्याचे फार मोठे कल्याण त्याने केले, हे मी कचेरीत बसून पाहिले आहे; पण त्याच्याच धास्तीने आज गावोगाव बटाईचे करार तोंडी होतात, आणि तोंडी करारावर पीककर्ज कोण देणार?

वसंत : म्हणजे ज्याच्यासाठी कायदा केला, तोच कागदावरून नाहीसा झाला.

अण्णा : झाला खरा. ती ई-केवायसी मात्र वेळेवर कर, नाहीतर पुढचा हप्ता अडकेल.

वसंत : आईने हे दोन हजार त्याला दिले तर चालेल ना?

अण्णा : खुशाल द्यावेत, रोख द्यावेत. पण त्याच्याकडून पावती घेऊ नका, आणि ‘आमची जमीन कसल्याबद्दल’ असे तर कुठेही लिहू नका.