ताटाविषयी थोडं

फलटण,
२ मे

चि. सायली,


जत्रेत खाऱ्या निवदाच्या पंगतीला तू मटण घेतलं नाहीस, याचं कुणालाच काही वाटलं नाही. पण थोरल्या मामीला "तुम्हाला हे घशाखाली उतरतं तरी कसं?" असं विचारलंस, ते सगळ्यांना लागलं. ती बाई पहाटेपासून चुलीपुढे होती. चारचौघांत तुझा कान धरणं बरं दिसलं नसतं म्हणून गप्प राहिलो. आता पत्रातून धरतो.

मांसाहार सोडलास हे मला आवडलं, हे आधी सांगून टाकतो. नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, त्यात कधीतरी माझंही सुटलं. दवंडी पिटली नाही, त्यामुळे गावात निम्म्या लोकांना अजून ठाऊक नाही. वाढपी पळीभर रस्सा घेऊन येतो, मी ताटावर हात आडवा धरतो, तो पुढच्या पानावर जातो. एवढ्यात भागतं.

आपल्या घराला हे नवं नाही. तुझी पणजी माळकरी होती. आपल्या भागात तुळशीची माळ गळ्यात पडली की मटण आणि दारू दोन्ही सुटतं, मग घर मराठ्याचं असो, माळ्याचं असो की धनगराचं. माळकऱ्याच्या घरी मटण आत शिजत नसे. गोठ्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडायची, त्याचं पातेलं निराळं, पळी निराळी, आणि ती भांडी राखेनं घासून बाहेरच पालथी घालायची. पणजी माजघरात दूध-भाकरी कुस्करत बसायची आणि तिथूनच ओरडून विचारायची, "पोरांना रस्सा पुरला का गं?" तिचं व्रत कडक होतं, पण दुसऱ्याचं ताट तिनं कधी तपासलं नाही. तू तिच्या वाटेनं जावंस असं मला वाटतं. पुण्यात तुझ्या आसपास दिसणारी दुसरी एक वाट आहे, ती धरू नकोस.

ती वाट म्हणजे "जागा भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी" अशा पाट्यांची. तुला खोली मिळताना या पाटीचा फायदा झाला असेल, म्हणून ती खटकली नसेल. त्या पाटीमागे कोंबडीविषयीची दया क्वचितच असते. आडनाव विचारायची लाज वाटते, म्हणून ताट विचारतात. २०१४ च्या सरकारी पाहणीत देशातले पंधरा वर्षांवरचे सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी निघाले होते. एवढ्या लोकांना एका पाटीनं अशुद्ध ठरवणं ही अहिंसा असेल, तर माझा शाकाहार त्या अहिंसेशी नातं सांगत नाही.

आता जनावरांचं बोलू. मांसाहार सोडण्याचं कारण तू तेच दिलंस. तुझी दया खरी आहे, पण तिचा हिशेब अजून कच्चा आहे. तू अंडी खातेस आणि बोकडाकडे पाहून डोळ्यांत पाणी आणतेस. अंड्याच्या व्यापारी शेडमध्ये तारेच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला फुलस्केप कागदाएवढीही जागा येत नाही. तिथं ती पंख पसरू शकत नाही, मातीत अंग घोळू शकत नाही, अंडं घालायला आडोसा शोधू शकत नाही. कोंबडी हे सगळं करायला जन्मतःच धडपडते, हे आपल्या परड्यात तू पाहिलेलं आहेस. आणि अंड्यांसाठी पाळायच्या या जातीची पिल्लं उबवणी केंद्रात निघतात तेव्हा नर पिल्लांचा कुणालाच उपयोग नसतो. ती बहुतेक पहिल्याच दिवशी मारली जातात. ब्रॉयलरचं निराळं. पस्तीस-चाळीस दिवसांत तो दोन किलोवर जातो, आणि पुष्कळदा वजन वाढण्याच्या वेगाला त्याचे पाय पुरत नाहीत. बसल्या जागीच तो खाद्याकडे मान लांब करतो.

माणच्या माळावरचा बोकड बघ. जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथं तो चरतो, आईजवळ वाढतो, उड्या मारतो. त्याच्या आयुष्यातला एकच दिवस वाईट असतो. दुष्काळात जमीन नसलेल्या बाईच्या घरी तोच तिची बँक असतो: पोराची फी, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं बोकड विकून होतं. मारणं ते मारणंच, त्याला मी चांगलं म्हणत नाही, म्हणून तर खात नाही. पण दुःखाच्या मापानं मोजायचं तर माळावरचा बोकड पिंजऱ्यातल्या अंड्यापेक्षा मला कमी दोषाचा वाटतो. हे थोरल्या मामीला सांगू नकोस, ती मला पुन्हा वाढायला लागेल.

आणि दूध. इथं आपल्या दोघांचीही पंचाईत आहे, कारण चहा मीही दुधाचाच पितो. फलटण-बारामतीकडच्या गोठ्यांत आता बहुतेक संकरित होल्स्टिन गाई आहेत. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. त्याला वशिंड नाही, मग जू टेकणार कशावर? शेती तर ट्रॅक्टरवर गेली. अशा गोऱ्ह्याला गोठ्यात जागा नसते. चीक पाजतात, मग दूध तोडतात, आणि काही दिवसांत तो आपोआप "दगावतो". मी अशी पुष्कळ वासरं तपासली आहेत. रोगाच्या रकान्यात हगवण लिहायची, पण खरा रोग उपासमार. २०१५ च्या कायद्यानं राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गोऱ्हा विकता येईना, पण त्याला जन्मभर पोसायचा खर्च त्या कायद्यानं कुणाच्याच नावावर टाकला नाही. म्हशीचं रेडकू आणि भाकड म्हैस यांची वाट कत्तलखान्याकडे जाते. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आपला देश जगातल्या अगदी पुढच्या देशांत आहे, आणि तो व्यापार दुधाच्या धंद्यावरच उभा आहे.

शेतकरी क्रूर आहे असं यातून काढू नकोस. दुधाचा दर पेंडीच्या दराशी झुंजत असतो, त्यात त्यानं रिकामं तोंड कशाच्या जोरावर पोसायचं? आता लिंगनिवडीच्या रेतमात्रा मिळतात, त्यात दहातल्या नऊ वेळा कालवड होते. नोकरीच्या शेवटच्या काळात त्या आमच्या हाती आल्या. गोऱ्ह्यांचे हाल कमी करायला त्यांचा जितका उपयोग आहे, तितका मी दिलेल्या कुठल्याही व्याख्यानाचा झाला नाही.

हवामानाचा मुद्दा तू मामेभावाशी वादात काढलास. अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण साडेचौदा टक्के पशुपालनातून येतात असा हिशेब मांडला होता. पण त्यात दूधही येतं. गाय वैरण पचवते तेव्हा मिथेन सुटतोच, पुढे तिच्या दुधाचं पनीर होवो की आणखी काही. किलोभर पनीरला पाचेक लिटर दूध लागतं. मटण सोडून रोज पनीर खाणाऱ्यानं हवामानाच्या गप्पा जरा हळू आवाजात माराव्यात.

गांधीजींची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक असणार. १८८८ मध्ये लंडनला जाताना मांस खाणार नाही असं आईला वचन दिलं, आणि तिथं वचनापोटीच अर्धपोटी राहिले. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडलं, तिथंच हेन्री सॉल्टचं पुस्तक एका शिलिंगला विकत घेतलं, आणि ते वाचून आईच्या वचनाचा शाकाहार त्यांचा स्वतःचा झाला. पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. डॉ. ॲलिन्सन नावाचे सभासद संततिनियमनाचा प्रचार करत, म्हणून त्यांना काढून टाकायचा ठराव आला. गांधीजींना ॲलिन्सनचं मत अजिबात मान्य नव्हतं. तरी ते त्यांच्या बाजूनं उभे राहिले: शाकाहारी मंडळात शाकाहार बघा, माणसाची बाकीची नीती मोजू नका. ठराव त्यांना थांबवता आला नाही. गांधीजींचं पुढचंही ऐक. त्यांनी दूध सोडलं होतं, पण मोठ्या आजारानंतर कस्तुरबांनी सुचवल्यावर शेळीचं दूध घेतलं. प्रतिज्ञा करताना मनात गाय-म्हैसच होती, या आधारावर. आपण शब्द पाळला पण प्रतिज्ञेचा आत्मा दुखावला, हे त्यांनी आत्मकथेत लपवलं नाही. एवढा मोठा माणूस दुधापाशी अडला, तर आपण अडलो म्हणून हात टेकायचं कारण नाही.

आता तुझ्या तब्येतीचं, कारण तुझ्या आईचा फोन आला होता तो मुख्यतः त्यासाठीच. शाकाहारी ताट आपोआप पौष्टिक होत नाही. वडापाव, साबुदाण्याची खिचडी, फरसाण आणि चार चहा हेही शुद्ध शाकाहारीच. साबुदाण्यात तर निव्वळ पिष्ट असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या पाहणीत (२०१९) शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकार सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्याच पाहणीत पक्षाघात सुमारे २० टक्क्यांनी जास्त. म्हणजे फायदा आहे, हमी नाही.

प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे पाऊण-एक ग्रॅम लागतात, तुला पंचेचाळीसच्या आसपास. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते, तिच्या भरवशावर राहू नकोस. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भाजलेले फुटाणे, शेंगदाण्याची चटणी, दही. ज्वारीत जे कमी ते हरभऱ्यात असतं, आणि हरभऱ्यात कमी ते ज्वारीत, म्हणून ही जोडी. उसळीवर लिंबू पिळ, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायलीस तर ते वाया जातं. तुला ही खोड आहे, मी पाहिली आहे.

बी१२ ला मात्र पर्याय नाही. हे जीवनसत्त्व जिवाणूच बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते करतात, आणि कोबाल्ट कमी पडलं की जनावर खाणं टाकतं. डाळी-भाज्यांतून तुला ते मिळणार नाही. दूध-दह्यातून मिळतं, पण रोजची दोनएक मायक्रोग्रॅमची गरज चहातल्या दुधानं भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती बायकांचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक जणींत बी१२ कमी निघालं. पायाला मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा अशी सुरुवात होते आणि आपण ती परीक्षेच्या ताणावर ढकलतो. तपासणी करून घे, आणि कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तशी गोळी घे. ती गोळीही जिवाणूंकडूनच करवून घेतात. कॅप्सूल दिली तर तिचं आवरण कशाचं ते विचार, बऱ्याचदा ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचं असतं.

आषाढवारीत माउलींची पालखी फलटणला मुक्कामी येते. दरवर्षीप्रमाणे थोरल्या मामी वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करायला येणार आहेत. तू आदल्या दिवशी ये आणि त्यांच्या शेजारच्या काटवटीपुढे बस. भाकरी तुला नीट थापता येत नाही, त्या शिकवतील, आणि काय बोलायचं ते तुझं तुला तिथं सुचेल. पिठाचे हात असताना माणसं लवकर माफ करतात. येताना रक्ताचा रिपोर्ट आण, आणि अंड्यांचं काय ठरवलंस तेही सांग. परड्यातल्या कोंबड्यांची हवी असतील तर बाजूला काढून ठेवायला सांगतो.

तुझा,
मामा