चोर सोडून संन्याशाला सुळी

चालती सेवा अचानक बंद पडते. तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये चकार शब्द नसतो आणि एक्झिट कोड दिसतो 137. अशा वेळी त्याच सेवेला दोषी ठरवून तिचा कोड उकरत बसू नका, हे माझं पहिलं सांगणं. 137 म्हणजे 128 अधिक 9, आणि 9 हा सिगकिलचा क्रमांक. तो कुठल्याही प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे मरता मरता काही लिहून ठेवायला सवडच मिळत नाही. आधी कर्नल लॉग उघडा. तिथे 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ असेल, तर लिनक्सच्या ओओएम किलरने तिचा बळी घेतला आहे, आणि ज्याचा बळी गेला तोच गुन्हेगार असेल असं मुळीच नाही.

लिनक्स मागेल त्याला मेमरी कबूल करतं, पण प्रत्यक्ष पान हातात देतं ते प्रोसेस त्यावर पहिल्यांदा लिहिते तेव्हा. सगळेच एकदम वसुलीला आले की कबुली पाळता येत नाही आणि कुणाला तरी मारावं लागतं. कुणाला, हे मुख्यतः वजनावर ठरतं: रॅममधली पानं, स्वॅप आणि पेज टेबल यांची बेरीज. स्वॅप नसलेल्या 16 जीबीच्या मशीनवर मायएसक्यूएल 9 जीबी घेऊन शांत बसलं असेल आणि एखादी गळकी स्क्रिप्ट फुगत 5 जीबीपर्यंत पोचली असेल, तरी मरतं मायएसक्यूएलच. हा अन्याय वाटतो, पण मी कर्नलला दोष देणार नाही. पूर्वी ते प्रोसेस किती वेळ चालली, तिची नाइस किंमत काय, असले अंदाजही हिशेबात धरायचं. 2010 मध्ये 2.6.36 या आवृत्तीत तो हिशेब सुटसुटीत केला गेला. कर्नलला वजन कळतं, मोल कळत नाही. मोल आपल्याला ठाऊक असतं आणि ते आधीच सांगून ठेवायची सोय आहे: ओओएम स्कोअर ॲडजस्ट, उणे 1000 ते अधिक 1000. वरच्या उदाहरणात मायएसक्यूएलला उणे 500 दिलं, तर एकूण मेमरीच्या निम्मे, म्हणजे 8 जीबी हिशेबातून वजा होतात आणि पाळी स्क्रिप्टवर येते.

यावर कुणी म्हणेल, रॅम वाढवा. गळती 16 जीबी खाते तशी 64 जीबीही खाते, फक्त उशिरा. कुणी म्हणेल, ओव्हरकमिट, म्हणजे ऐपतीबाहेर मेमरी कबूल करणंच बंद करा. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात तसा सल्ला आहे आणि फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मशीनवर तो मलाही पटतो. पण मिश्र कामाच्या सर्व्हरवर मग पुढची मागणी ज्याची असेल त्यालाच नकार मिळतो, आणि तो नकार नीट पचवणारे प्रोग्रॅम थोडेच. मग सगळ्यांनाच उणे 1000, म्हणजे पूर्ण अभय, दिलं तर? मारण्याजोगं कुणी उरलं नाही, की कर्नल पॅनिक होऊन अख्खं मशीनच बसतं. त्यापेक्षा बेभरवशाच्या कामाला सिस्टमडीमध्ये मेमरी मॅक्सची मर्यादा घाला. ती ओलांडली की बळी त्याच गटातून निवडला जातो, शेजाऱ्याला झळ लागत नाही. प्रत्येक प्रोसेसचा सध्याचा ओओएम स्कोअर प्रॉक फाइलसिस्टममध्ये वाचता येतो. सर्व्हर धडधाकट आहे तोवर, आजच तो वाचा आणि सगळ्यात वरचं नाव गमावणं तुम्हाला परवडणारं आहे का, ते ठरवा.