उघड्या दाराचे महाविद्यालय

प्रस्तावना

काही कारणाने अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करताना मनात दोन प्रश्न उभे राहतात. या शिक्षणाने हाताला काम मिळेल काय? आणि पुढे आणखी शिकावेसे वाटले, तर वाट मोकळी असेल काय? अमेरिकेतील सार्वजनिक समुदाय महाविद्यालयांनी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच संस्थेत देण्याचा प्रयत्न केला. या पाठात आपण त्या प्रयत्नाची ओळख करून घेऊ.

पाठ

१९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे एका माध्यमिक शाळेत अवघ्या सहा विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची ही कल्पना होती. घर न सोडता महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास करता यावा, हा तिचा हेतू होता. या वर्गातूनच जोलिएट ज्युनिअर कॉलेज उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनेला मोठे बळ मिळाले. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळू लागले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने स्थानिक गरजा भागवणाऱ्या सार्वजनिक समुदाय महाविद्यालयांचे जाळे उभारण्याची शिफारस केली.

या महाविद्यालयांत प्रवेशाच्या अटी सौम्य असतात आणि शुल्क तुलनेने कमी असते. नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळीही वर्ग भरतात. येथून दोन वाटा फुटतात. एक वाट थेट व्यवसायाकडे जाते. १९५२ मध्ये मिल्ड्रेड मॉन्टॅग यांच्या पुढाकाराने दोन वर्षांच्या परिचर्या शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे असंख्य परिचारिका याच मार्गाने रुग्णसेवेत आल्या. दुसरी वाट विद्यापीठाकडे जाते. दोन वर्षांचा अभ्यास पुरा करून विद्यार्थी विद्यापीठात पुढील पदवीचे शिक्षण घेऊ शकतो. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या शिक्षण आराखड्यात या दोन्ही वाटांना स्थान दिले. आज त्या राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत.

परंतु दार उघडे असले, म्हणजे प्रवास पुरा होतोच असे नाही. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच दाखवून दिले की, विद्यापीठाचे स्वप्न घेऊन आलेल्या अनेकांची आकांक्षा येथे हळूहळू मंदावते आणि ते कमी उंचीच्या ध्येयावर समाधान मानू लागतात. घर, नोकरी आणि अभ्यास यांची ओढाताण काहींना मध्येच थांबवते. विद्यापीठात जाताना काहींचे मिळवलेले श्रेयांक वाया जातात. म्हणूनच प्रवेशाइतकेच महत्त्व मार्गदर्शनाला आणि श्रेयांकांच्या मान्यतेला आहे.

आपल्या देशात १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने समुदाय महाविद्यालय सुरू केले. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगानेही अशा महाविद्यालयांसाठी योजना आखली. २०२१ पासून श्रेयांक साठवून ठेवण्याची राष्ट्रीय व्यवस्थाही अस्तित्वात आली आहे. अर्धवट सोडलेला अभ्यास व्यर्थ जाऊ नये, हा तिच्यामागील विचार आहे.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्या तुम्हाला या विचाराचे मोल वेगळे सांगावयास नको. उशिरा आलेल्याला आत घेणे ही शिक्षणसंस्थेची उदारता होय. त्याला मुक्कामापर्यंत पोहोचवणे हे तिचे कर्तव्य होय.

शब्दार्थ

परिचर्या – रुग्णाची शुश्रूषा
श्रेयांक – पूर्ण केलेल्या अभ्यासाबद्दल मिळणारे गुणमूल्य
आकांक्षा – मोठी इच्छा

स्वाध्याय

१. जोलिएट येथील वर्ग कोणत्या हेतूने सुरू झाला?
२. समुदाय महाविद्यालयातून फुटणाऱ्या दोन वाटा कोणत्या?
३. 'दार उघडे असले, म्हणजे प्रवास पुरा होतोच असे नाही', या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरात असे महाविद्यालय सुरू झाल्यास तेथे कोणते व्यवसाय शिकवले जावेत? सकारण लिहा.