ऐंशी विद्यार्थी, सोळा फोन : सीमाभागातील मराठीचा वर्ग

भाषेच्या अध्यापनात तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपले लक्ष आधी नसलेल्या गोष्टींकडे जाते. संगणककक्ष नाही, प्रोजेक्टर बंद आहे, इंटरनेटचा भरवसा नाही. या अडचणी खऱ्याच आहेत. तरीही बेळगाव भागात महाविद्यालयीन वर्गांना मराठी शिकवताना माझे मत असे झाले आहे, की गर्दीच्या वर्गात यंत्रांपेक्षा मोठी टंचाई असते ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळेची.

साधा हिशोब मांडू. वर्गात ८० मुले आहेत. ५० मिनिटांच्या तासातून हजेरीची ५ मिनिटे गेली, तर ४५ उरतात. शिक्षकाने एक शब्दही न उच्चारता सर्वांना पाळीपाळीने बोलू दिले, तरी प्रत्येकाला जेमतेम ३४ सेकंद मिळतील. आता याच मुलांचे पाच-पाचांचे १६ गट करू आणि सर्व गटांना एकाच वेळी २० मिनिटे काम देऊ. प्रत्येकाला बोलायला ४ मिनिटे मिळतात आणि निम्म्याहून अधिक तास शिल्लक राहतो. ढाक्यात अनेक वर्षे काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९६० मध्ये ‘टीचिंग इंग्लिश इन डिफिकल्ट सर्कमस्टन्सेस’ या पुस्तकात अशाच अडचणीच्या परिस्थितीतील भाषाशिक्षणाचा विचार केला होता. तेव्हा मोबाइल नव्हता, पण प्रश्न हाच होता.

गटामागे एक फोन पुरतो आणि ध्वनिमुद्रणाला इंटरनेट लागत नाही. मी गटांना घरातल्या माहितीचा विषय देतो. भाताची लावणी कशी करतात, कुंदा कसा आटवतात, जत्रेची तयारी कशी होते. एकाने दोन मिनिटे सांगायचे आणि ते मुद्रित करायचे. दुसऱ्याने ते जसेच्या तसे उतरवायचे, तिसऱ्याने त्याचा प्रमाण मराठीत मजकूर करायचा, उरलेल्या दोघांनी दोन्ही ताडून पाहायचे. पुढच्या तासाला भूमिका बदलतात. सोळाही गटांचे मुद्रण रोज ऐकणे शिक्षकाला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. एका तासाला चार गट ऐकले, तर चार तासांत फेरी पूर्ण होते.

वाचनासाठी आणखी एक उपाय आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून समभाषिक उपशीर्षकांचा पाठपुरावा केला. दूरचित्रवाणीवर गाणे चालू असताना त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दिसले, तर पाहणाऱ्याचा वाचनाचा सराव आपोआप होतो, हे त्यामागचे तत्त्व. प्रोजेक्टर नसलेल्या वर्गातही ते वापरता येते. उतारा फळ्यावर लिहायचा, ध्वनिक्षेपकावर त्याचे वाचन लावायचे आणि एका विद्यार्थ्याने शब्दांखालून काठी फिरवायची. काठी मागे पडली की वर्गच ओरडून सांगतो. ऐंशीही जण वाचत असल्याची तीच खूण.

लेखनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. आमची बरीच मुले फोनवर मराठी रोमन लिपीत लिहितात किंवा हिंदीचा कळफलक वापरतात. म्हणून कळफलक हाच व्याकरणाचा पाठ करावा लागतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ या जोड्या टंकायला दिल्या, की ‘ऱ’ची कळ शोधता शोधता अर्थातला फरकही कळतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, हे सांगितले की लिपीचे प्रश्न अजून जिवंत आहेत याची जाणीव होते. शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे १८ नियम पाठ करून घेण्यापेक्षा बोलून टंकलेला एक परिच्छेद फळ्यावर उतरवावा. त्यातील चुका ऱ्हस्वदीर्घाच्या, विरामचिन्हांच्या आणि न कळलेल्या शब्दांच्या, अशा तीन रकान्यांत वर्गाकडून मांडून घ्याव्यात. ‘फूल’चे ‘फुलाला’ का होते, हा नियम तेव्हा मुलेच विचारतात. यासाठी इंटरनेट असलेला एकच फोन, शिक्षकाचा, पुरेसा आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. फोनवरचा अभ्यास घरी देऊ नये. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो मुलीच्या हाती शेवटी येतो. वर्गातल्या गटात निदान ती अडचण राहत नाही. दुसरे असे, की मुद्रण वर्गाबाहेर कोणाला पाठवू नये आणि काम संपताच पुसून टाकावे. आपल्या बोलण्याची टिंगल होणार नाही एवढी खात्री असल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिसऱ्या रकान्याचा, म्हणजे यंत्राला न कळलेल्या शब्दांचा. ‘बसा की’, ‘या की’ म्हणणाऱ्या, बोलण्यात सहज कानडी शब्द येणाऱ्या मुलाचे वाक्य फोनने भलतेच लिहिले, तर तो पहिला निष्कर्ष काढतो तो असा, की आपली मराठीच चुकीची. शाळेत, शहरात, नातेवाइकांत त्याने हे आधीच ऐकलेले असते. आता यंत्रही तेच म्हणते. येथे शिक्षकाने मध्ये पडलेच पाहिजे. फोनला जी मराठी शिकवली गेली, तिच्यात या मुलाच्या गावचा आवाज फारसा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ, हे स्पष्ट सांगावे. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कानडीतूनच आले आणि आज कोणीही त्यांना परके म्हणत नाही, हेही दाखवावे. प्रमाण मराठी त्याला शिकवायचीच आहे, कारण परीक्षा आणि नोकरी तिच्यावर अवलंबून आहेत. पण ती घरच्या मराठीच्या जोडीला यावी, घरच्या मराठीची लाज वाटून नव्हे.

म्हणून तिसऱ्या रकान्यातले शब्द पुसू नयेत. प्रत्येक गटाने ते वहीत उतरवावेत, घरी विचारून अर्थ लिहावा, एक वाक्य करावे. वर्षअखेर सोळा गटांनी वीस-वीस शब्द दिले, तर नोंदी ३२० होतात. काही शब्द दोनदा येतील, काहींचा अर्थ गावागणिक बदलेल. त्यावर वाद घालण्यासाठी एक तास राखून ठेवावा. त्या तासाला फोन लागत नाही.