जुन्या गाडीला क्रूझ बसवताना

बाळ, बाबांची गाडी तू चालवायला घेतलीस आणि आता तिला क्रूझ कंट्रोल बसवायचं म्हणतोस. जरूर बसव. समृद्धी महामार्गावर नागपूरपर्यंत तासन्‌तास उजवा पाय एकाच जागी धरला की घोटा कसा भरून येतो, ते मी अनुभवलंय. पण काशिमीऱ्याला गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी हयात गेली, म्हणून दोन शब्द ऐक.

आधी बॉनेट उघड. अ‍ॅक्सिलरेटरपासून इंजिनाकडे केबल जाते की नुसत्या वायरी, ते बघ. वायरी असतील तर तुझ्या मॉडेलचं किट पेडलच्या सॉकेटला जोडता येतं आणि ते पायाऐवजी सिग्नल देतं. केबल असेल तर ती ओढायला वेगळी मोटर लावावी लागते. ते काम नवख्या हाताला देऊ नकोस. केबल कुठे घासली, अडकली, तर थ्रॉटल उघडाच राहतो. स्टिअरिंगवर बटणं हवी असतील तर तिथे एअरबॅग आहे. बॅटरी सोडवून थोडं थांबल्याशिवाय तिथे कुणालाही पान्हा लावू देऊ नकोस.

आता खरी गोष्ट. वेग धरून ठेवणं हे किट करतंच. क्रूझ क्षणात सुटतं की नाही, हे बघणं तुझं काम. ब्रेक पेडलच्या वर बोटाएवढा स्विच असतो. गाडीखाली नव्हे, पायांपाशी वाकून, टॉर्च लावून तो बघ. पेडलला जिथे त्याचा दांडा टेकतो तिथे काही गाड्यांत रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी गुंडी असते. जुन्या गाडीत ती कुजून तुकडे होऊन मॅटवर पडते. मग ब्रेक लाइट कायम पेटलेला राहतो आणि क्रूझ लागतच नाही. गुंडी स्वस्त आहे, आधी ती बदल. मागच्या दिव्यांना एलईडी बल्ब टाकले असशील तर किटवाल्याला तेही सांग. काही किटना साध्या बल्बच्या तारेतून अर्थिंग मिळतं. एलईडी लावला की ती घोटाळतात.

क्लचचा स्विचही हवाच. तो नसेल आणि क्रूझवर क्लच दाबलास, तर इंजिन एकदम ओरडतं.

आपल्याकडे खाडी आणि मिठागरं आहेत, हवेत खार असतो. भाईंदरच्या गाड्यांचे जोड उघडले की आत तांब्यावर हिरवा गंज दिसतो. त्यात अलार्म, म्युझिक, सीएनजी किट यांच्या वायरी नुसत्या पिळून टेप लावलेल्या. तुझी नवी वायर त्या गुंत्यात पिळू देऊ नकोस. सोल्डर किंवा चांगला क्रिम्प, वर हीट श्रिंक आणि स्वतंत्र फ्यूज. केबिनमध्ये वायर येते तिथे रबरी ग्रोमेट. विमा कंपनीला बदल लेखी कळव, पावती जपून ठेव.

चाचणी पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, ६० च्या वेगाने घे. ब्रेकला नुसता पाय लावताच क्रूझ सुटायला हवं. मग क्लचने, मग बटणाने. दहादा कर. दहातून एकदा जरी चुकलं तर किट बंद करून घरी ये. थ्रॉटल अडकलाच तर ब्रेक दाबून धर, गाडी न्यूट्रलला टाक, बाजूला घे, मग इंजिन बंद कर. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवलीस तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

घोडबंदर रोडला, वर्सोवा पुलापाशी आणि गायमुखच्या घाटात क्रूझला हातही लावायचा नाही. अहमदाबाद हायवेवर चारोटीच्या अलीकडे-पलीकडे पूल आला की रस्ता अरुंद होतो, तिथेही सोडून दे. पावसात तर बिलकूल नको. पाण्यावर चाक घसरलं तरी साधं क्रूझ वेग टिकवायलाच बघतं.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. मी मल्टीमीटर काढून ठेवतो. किट नंतर घेऊ, आधी ब्रेकचा स्विच बघू.