बर्फावरची गाडी आणि हाताची बोटं

आपल्या घरांतून बर्फात जाणारी माणसं आता कमी राहिलेली नाहीत. महार रेजिमेंटमध्ये किंवा सैन्याच्या दुसऱ्या एखाद्या तुकडीत असलेला मुलगा लडाखला, सियाचीनला जातो. कुणी एलटीसी घेऊन सहकुटुंब काश्मीर बघून येतं. कुणाची मुलगी शिष्यवृत्तीवर कॅनडात शिकायला जाते आणि तिथल्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर स्नोमोबाईलवर बसते. गुलमर्गला याच गाडीला स्नो स्कूटर म्हणतात. पुढे चाकांच्या जागी घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा, आणि स्कूटरसारखं हँडल. गाडीवरचे फोटो छान येतात. पण थंडी आधी पकडते ती हातांना, आणि ते फोटोत दिसत नाही.

ही गाडी काही गमतीसाठी जन्मली नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या लहान मुलाचं पोटाचं दुखणं बळावलं. दवाखान्यात नेणं भाग होतं, पण रस्ते बर्फाने बंद आणि बर्फावर चालेल असं वाहन नाही. मुलगा गेला. बर्फावर चालणारी गाडी करायची त्याची खटपट आधीपासून चालू होती, ती त्याने नेटाने पुढे नेली. त्याच्या मोठ्या गाड्यांतून पुढे डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुलं यांची ने-आण झाली. एका-दोघांनी बसायची हलकी ‘स्की-डू’ आली ती १९५९ साली. दवाखाना लांब आणि वाट बंद, हे दुखणं आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.

आधी हातच का?

थंडी वाढली की शरीर आधी हृदय, मेंदू, फुप्फुसं सांभाळतं. त्यासाठी ते हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि गरम रक्त आत ठेवतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात मनगटाच्या वर, कोपरापर्यंतच्या भागात. बोटांत जवळजवळ फक्त हाडं, दोऱ्या आणि कातडी. म्हणजे बोटाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, ती रक्ताबरोबर येईल तेवढीच. त्यात बोट बारीक, चारही बाजूंनी उघडं, म्हणून आलेली ऊब निघूनही लवकर जाते.

यातून एक गोष्ट निघते, जी बरेच जण विसरतात. हात गार पडत असतील तर फक्त हातमोजे बदलून भागत नाही. छाती, मान आणि डोकं उबदार असेल तर शरीर बोटांकडे रक्त सोडतं. दोन हजारांचे हातमोजे आणि गळा उघडा, असा माणूस कुडकुडणारच. पोटात अन्न हवं. पाणीही प्यायलेलं हवं, कारण थंडीत तहान कळत नाही.

दारू प्यायल्यावर अंग गरम वाटतं ते कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात म्हणून. आतली ऊब बाहेर येते आणि हवेत जाते. माणसाला गरम वाटत असतं आणि शरीर थंड होत असतं, शिवाय बोट बधिर झालेलं कळत नाही ते वेगळंच. बिडी-सिगारेटचं काम उलट्या वाटेने चालतं. निकोटीन बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि त्या आधीच आवळलेल्या असतात. तंबाखू मळून दाढेखाली धरली तरी निकोटीन रक्तात जातंच. मधुमेह असणाऱ्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यांनी जास्त सांभाळावं.

वारा आणि वेग

हवा स्थिर असेल तर कातडीभोवती उबदार हवेचा पातळ थर टिकतो. वारा तो थर उडवून नेतो. गाडीवर बसलेला माणूस हा वारा स्वतःच तयार करतो. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे हवा उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २१ सारखं लागतं. हवा उणे २० असेल तर तोच वारा उणे ३४ सारखा. त्या पातळीला उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. वारा आत न जाऊ देणारं आवरण घातलं की या हिशेबातला मोठा भाग कापला जातो, म्हणून हातमोज्याचं बाहेरचं कापड वारा अडवणारं हवं. विणलेला लोकरी मोजा एकटा असेल तर वारा त्यातून आरपार जातो.

हेच सूत्र आपल्याकडे लावून पाहा. जानेवारीत नागपूरला पहाटे ८ अंश असताना ताशी ४० च्या वेगाने दुचाकीवर गेलं तर हातांना साधारण ३ अंशांसारखं वाटतं. यात बोट गोठत नाही, कारण हवाच शून्याच्या वर आहे. पण बधिर बोटाने ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. पहाटे दूध-पेपर टाकणाऱ्या पोरांनी आणि पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या सफाई कामगारांनी लोकरी मोज्यावरून रेनकोटच्या कापडाचा मोजा चढवावा. तोही नसेल तर प्लास्टिकची पिशवी चढवली तरी फरक पडतो. मात्र ब्रेकवर हात घसरत नाही ना, ते उभ्या गाडीवर आधी तपासून घ्यावं.

हातमोजे कसे

स्नोमोबाईलला वेग द्यायचा खटका उजव्या अंगठ्याखाली असतो. तासन्‌तास तो अंगठा एकाच जागी ताठ राहतो, म्हणून बऱ्याच जणांचा आधी अंगठाच बधिर होतो. चांगल्या गाड्यांत हँडलच्या मुठी आणि हा खटका विजेवर गरम होतात. हँडलवर बसवायची जाड पिशवीसारखी आवरणंही मिळतात, हात त्यांच्या आत घालून गाडी चालवायची. मला विचाराल तर विजेच्या मुठींपेक्षा ही आवरणं जास्त भरवशाची, कारण मुठी तळहात तापवतात आणि वारा लागतो तो हाताच्या पाठीला.

हातमोज्यात चार बोटांना एकच खण असेल तर बोटं एकमेकांना ऊब देतात. वेगवेगळ्या बोटांचा मोजा कामाला सोपा, पण त्याची ऊब कमी. दोन्हींचा मेळ असा घालावा: आत पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक मोजा, वर चार बोटांचा जाड. काही काम निघालं तर वरचा काढायचा, पण उघड्या हाताने धातू धरायचा नाही. आतला मोजा सुती नको, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओला मोजा ऊब ओढून घेतो. मोजा घट्टही नको, रक्त अडतं. बोट आत सहज हललं पाहिजे.

गुलमर्गला आणि वाटेत तंगमर्गला कोट, बूट, हातमोजे भाड्याने मिळतात. घेताना आत हात घालून बघावा, मोजा दमट लागला तर दुसरा मागावा. त्यात संकोच कसला, पैसे आपण मोजतोय. अंगठी निघण्याआधीच काढून ठेवावी, बोट सुजल्यावर ती निघत नाही. लोखंडाची भुकटी भरलेल्या पुड्या मिळतात, फोडल्यावर हवा लागून त्या गरम होतात. त्या दोन मोज्यांच्या मधे ठेवाव्या, थेट कातडीवर नाही. गाडीत पेट्रोल भरताना हातावर सांडू देऊ नका. कडक थंडीतही पेट्रोल पातळच राहतं, आजूबाजूच्या हवेइतकं थंड असतं, आणि उडून जाताना कातडीतली ऊब घेऊन जातं. थोडं सांडलं तरी बोट गोठू शकतं.

गाडी हादरत असते, तो दुसरा त्रास. थंडी आणि हादरे एकत्र आले, आणि ते वर्षानुवर्षं चालले, तर बोटं पांढरी पडून मेल्यासारखी व्हायला लागतात. अमेरिकेत १९१८ साली डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातल्या दगडखाणीतले कामगार तपासले. हवेवर चालणारी ड्रिल धरणाऱ्यांची बोटं थंडीत अशीच पांढरी पडत होती. आपल्या वस्त्यांत बर्फाची गाडी चालवणारे थोडे, पण काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन धरणारे घरोघरी आहेत. सकाळच्या गारठ्यात बोटांची टोकं पांढरी पडत असतील, मुंग्या येत असतील, शर्टाचं बटण लावायला त्रास होत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवताना काम कोणतं करता आणि किती वर्षं, तेही सांगा. सुरुवातीलाच मशीन सुटलं किंवा त्याचे तास कमी झाले तर त्रास थांबण्याची आशा जास्त असते.

बोट गोठलं तर

आधी बोट झिणझिणतं, दुखतं. मग दुखणं थांबतं. इथेच माणूस फसतो, त्याला वाटतं बरं झालं. खरं तर बधिरपणा सुरू झालेला असतो. पुस्तकांत लिहिलेलं असतं की कातडी लाल, मग पांढरी होते. ते गोऱ्या कातडीचं वर्णन आहे. आपल्या सावळ्या कातडीवर ती राखेसारखी, फिकट पिवळट, मेणचट दिसते. रंगावर विसंबू नका, बोट दाबून पाहा. बधिर आणि कडक लागलं तर गोठायला लागलं आहे. नुसतं गार आणि बधिर असेल तर गाडी थांबवा, वारा नाही अशा जागी जा आणि हात स्वतःच्या काखेत धरा.

बर्फाने चोळायचं हे अजून ऐकू येतं. नेपोलियनचा शल्यविशारद लारे याने १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत पाहिलं, की शेकोटीवर हात धरणाऱ्या सैनिकांचे हात सडत होते. त्यावरून त्याने बर्फाने चोळायला सांगितलं आणि ते शंभराहून जास्त वर्षं चाललं. शेकोटीबद्दल तो बरोबर होता, बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. चोळण्याबद्दल चुकला. गोठलेल्या मांसातले बर्फाचे कण चोळल्याने आणखी इजा करतात.

योग्य उपाय ३७ ते ३९ अंशांचं पाणी. कोपर बुडवून पाहिलं तर कोमट लागावं, चटका बसू नये. पाणी निवत जाईल तसं गरम पाणी घालत राहा, ते घालताना हात बाहेर काढून ठेवा. अर्ध्या तासापर्यंत, बोट मऊ आणि रंगावर येईपर्यंत. फार दुखेल, ते दुखणं चांगलं लक्षण आहे. पण पुढच्या वाटेत बोट परत गोठण्याची शक्यता असेल तर ते मोकळं करू नका. एकदा सुटून पुन्हा गोठलेलं बोट वाचणं फार अवघड. तसंच कोरडं गुंडाळून दवाखान्यात न्या. फोड आले तर फोडू नका.

दवाखाना गाठायची घाई करा. गोठलेलं बोट मोकळं झाल्यावर पहिल्या २४ तासांत काही रुग्णांना रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध देता येतं, त्यानंतर त्याचा उपयोग राहत नाही. बोट काळं पडलं तरी ते कापायची घाई डॉक्टर सहसा करत नाहीत. जिवंत भाग कुठे संपतो ते स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि सुरुवातीला गेल्यासारखं दिसलेलं बरंच काही वाचतं. तेवढे दिवस जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवायची, हात उंचावर ठेवायचा, आणि घरात कुणीही रुग्णाला बिडी-तंबाखू आणून द्यायची नाही.