सॅल्मन मासा आणि कृमी : ताजेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्यशिक्षणपर एक लेख असावा, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. एरवी तो आमचे डॉक्टर लिहितात. या वेळी ही जबाबदारी प्रशासकाकडे आली, कारण विषय ज्या प्रसंगातून निघाला तो माझ्याच टेबलासमोर घडला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. म्हणून पुढील मजकूर आमच्या डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञांकडून समजून घेऊन, त्यांनी तपासल्यावरच येथे दिला आहे.

कर्करोगावरील औषधोपचार घेणारे एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे दाखल होते. परदेशी नोकरीस असलेला त्यांचा भाचा विमानतळावरून थेट मामांच्या भेटीला आला. मामांच्या अंगी शक्ती यावी म्हणून त्याने धुरी दिलेल्या सॅल्मन माशाच्या पातळ कापांचे हवाबंद पाकीट आणले होते. कक्षातील सिस्टरांनी ते रुग्णास देऊ दिले नाही. भाचा दुखावला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, हे काही रस्त्यावरचे उघडे खाणे नाही. तिकडे लोक हा मासा कच्चादेखील आवडीने खातात. मग माझ्या मामांनाच का नको?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले, ते आज अनेक कुटुंबांना उपयोगी पडेल. आपली मुले-सुना शिक्षण व नोकरीनिमित्त जपान, अमेरिका, युरोप येथे राहतात, आणि मुंबई-पुण्यातील काही उपाहारगृहांतही आता कच्च्या सॅल्मनचे पदार्थ मिळतात.

सॅल्मन आणि रावस

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्याकडील रावस या माशास इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणण्याची रूढी आहे. परंतु रावस हा सॅल्मन नव्हे. दोघांची कुळे वेगळी आहेत. सॅल्मन हा थंड प्रदेशातील मासा. तो नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत परततो. रावस आपण तळून किंवा कालवण करून खातो, म्हणजे तो विस्तवावरून गेलेला असतो. पुढील विवेचन प्रामुख्याने कच्च्या वा अर्धकच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या सॅल्मनविषयी आहे.

कृमी माशात येतो कसा?

समुद्रात वाढलेल्या सॅल्मनमध्ये आढळणाऱ्या कृमींपैकी महत्त्वाचा म्हणजे अनिसाकिस. हा गोलकृमी प्रौढावस्थेत देवमासा, डॉल्फिन यांसारख्या सस्तन प्राण्यांच्या जठरात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे समुद्रात पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या कोळंबीसारखे सूक्ष्म जीव गिळतात, त्या जीवांना मासे खातात, आणि अळी माशाच्या आतड्यांभोवती किंवा मांसात वेटोळे करून बसते. ती साधारण २ ते ३ सेंटिमीटर लांब व पांढुरकी असते. माणसाच्या पोटात तिची पूर्ण वाढ होत नाही. काही काळाने ती मरते. परंतु तत्पूर्वी ती जठराच्या अस्तरात शिरू पाहते, आणि मासा खाल्ल्यानंतर काही तासांतच पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळा, मळमळ व उलट्या सुरू होतात. काहींना अंगावर पित्त उठते. क्वचित जीवघेणी ॲलर्जीही होते. जठरातील अळी दुर्बिणीच्या साहाय्याने चिमट्याने काढता येते, आणि ती निघताच रुग्णास बहुधा लगेच आराम पडतो.

दुसरा कृमी म्हणजे फितीसारखा लांब पट्टकृमी. हा मात्र माणसाच्या आतड्यात वाढतो व काही मीटर लांबीचा होऊ शकतो. पुष्कळदा त्याचा विशेष त्रास जाणवत नाही. शौचातून त्याचे तुकडे पडल्यावरच तो लक्षात येतो. योग्य औषधाने तो निघून जातो. जपानकडील सॅल्मनमध्ये परिचित असलेल्या या कृमीची एक जात अमेरिकेतील अलास्काच्या सॅल्मनमध्येही आढळल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

नेदरलँड्सचा धडा

अनिसाकिसचा माणसाला होणारा उपद्रव प्रथम नीट ओळखला गेला तो नेदरलँड्समध्ये, आणि तोही सॅल्मनमुळे नव्हे. त्या देशात हेरिंग नावाचा मासा किंचित खारवून, न शिजवता खाण्याची जुनी प्रथा आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथे पोटाच्या तीव्र विकाराचे असे रुग्ण आढळले, की ज्यांनी असा मासा खाल्ला होता. व्हॅन थील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली या विकाराचा हेरिंगमधील कृमीशी असलेला संबंध मांडला. पुढे १९६८ साली, हा मासा विक्रीपूर्वी गोठवलाच पाहिजे असा नियम त्या देशात झाला, आणि हा विकार तेथून जवळजवळ नाहीसा झाला. लोकांनी आपला आवडता मासा सोडला नाही. त्यात फक्त मोजून केलेल्या थंडीची एक पायरी वाढली.

आकडे काय सांगतात?

कृमी मारण्याचे खात्रीचे मार्ग दोनच : पुरेशी उष्णता किंवा पुरेशी थंडी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन असे की, मासा शिजवताना त्याच्या आतील भागाचे तापमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत जावे. मासा कच्चा खावयाचा असेल तर तो उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानात ७ दिवस ठेवावा, अथवा उणे ३५ अंशांत टणक गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा. युरोपीय संघाचा नियम माशाच्या सर्व भागांत उणे २० अंश किमान २४ तास, अथवा उणे ३५ अंश किमान १५ तास असा आहे. घरच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा वारंवार उघडला जातो आणि तेथे उणे २० अंश टिकतीलच असे नाही. म्हणून घरी गोठवलेल्या माशास या नियमाचे प्रमाणपत्र देता येत नाही.

थंडीचे हे महत्त्व काही समाजांनी यंत्रे येण्यापूर्वीच अनुभवाने जाणले होते. जपानच्या होक्काइदो बेटावरील ऐनू लोक सॅल्मन गोठवून, अर्धवट वितळलेला असतानाच खातात. या पदार्थास 'रुइबे' म्हणतात. उर्वरित जपानात सॅल्मन परंपरेने खारवून वा भाजूनच खाल्ला जात असे. आज सुशीमध्ये सर्रास दिसणारा कच्चा सॅल्मन तेथे रुळला तो १९८० नंतरच्या दशकात नॉर्वेने सुरू केलेल्या विक्रीप्रयत्नांनंतर. तो मासा मत्स्यशेतीतला होता. अशा माशांना तयार कोरडे खाद्य मिळते. कृमींच्या अळ्या वाहणारे सागरी जीव ते सहसा खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यात अनिसाकिस आढळण्याचा संभव अत्यल्प असतो. म्हणूनच युरोपीय नियमांत काही अटींवर अशा माशांना गोठवण्यातून सूट आहे. समुद्रात वा नदीत पकडलेल्या सॅल्मनला ही सूट नाही.

ज्यावर विसंबू नये

मीठ, लिंबू, व्हिनेगर, मसाला, मद्य किंवा थंड धुरी यांपैकी कशानेही कृमी मरतीलच अशी खात्री नसते. मासा प्रकाशासमोर धरून पाहिल्याने काही अळ्या दिसतात, सर्व दिसत नाहीत. 'सुशीसाठी योग्य' या अर्थाच्या इंग्रजी शिक्क्यास अमेरिकेत कायद्याची व्याख्या नाही. किंमत हाही पुरावा नव्हे. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ताजेपणा. नुकत्याच पकडलेल्या माशातील अळी जिवंत असते. तेव्हा कृमींपुरता विचार केला तर न गोठवलेला ताजा मासा गोठवलेल्या माशाहून अधिक धोक्याचा ठरू शकतो.

मग रुग्णास का नको?

येथपर्यंत ऐकून भाच्याने विचारले, "म्हणजे मासा नियमाप्रमाणे गोठवलेला असेल तर चालेल ना?" निरोगी माणसाच्या बाबतीत कृमींचा धोका त्याने बहुतांशी मिटतो. परंतु आमच्या डॉक्टरांनी त्याला दुसरी बाजू समजावली. हिशेबाच्या वहीत एक देणे फिटले म्हणून दुसरे आपोआप फिटत नाही. गोठवण्याने कृमी मरतात, जिवाणू मरतातच असे नाही. थंड धुरी दिलेल्या माशात लिस्टेरिया नावाचा जिवाणू असू शकतो, आणि तो फ्रीजमधील थंडीतही हळूहळू वाढतो. निरोगी व्यक्तीस त्याचा सहसा फारसा त्रास होत नाही. मात्र गर्भवती स्त्रिया, वृद्ध, कर्करोगावरील उपचार घेणारे आणि अवयवरोपण झालेले रुग्ण यांना त्यापासून गंभीर आजार होऊ शकतो. गर्भपातही होऊ शकतो. शिवाय ते पाकीट सतत थंड ठेवण्याचे असून प्रवासात कित्येक तास साध्या पिशवीत राहिले होते.

भाच्याने ते पाकीट मुकाट्याने आमच्या हवाली केले व आम्ही ते नष्ट केले. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञांच्या संमतीने मामींनी घरून पूर्ण शिजवलेल्या रावसाचे, बेताच्या तिखटाचे कालवण आणले, आणि मामा पुष्कळ दिवसांनी दोन घास अधिक जेवले. भाच्याची भावना वाया गेली नाही.

लक्षात ठेवण्याजोगे

१. सर्वांत सुरक्षित सॅल्मन म्हणजे पूर्ण शिजवलेला. त्याचे मांस आतपर्यंत अपारदर्शक व्हावे आणि काट्याने सहज सुटावे.

२. कच्चा खावयाचाच असल्यास तो मत्स्यशेतीतला आहे किंवा नियमाप्रमाणे गोठवलेला आहे, हे विक्रेत्यास विचारून खात्री करावी.

३. गर्भवती, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी कच्चा किंवा थंड धुरी दिलेला मासा खाऊ नये.

४. कच्चा मासा खाल्ल्यानंतर पोटात तीव्र कळा आल्यास, अंगावर पित्त उठल्यास किंवा श्वास लागल्यास त्वरित रुग्णालय गाठावे आणि काय व केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. ही माहिती मिळाली नाही तर हा विकार अल्सर किंवा ॲपेंडिक्सचा वाटू शकतो.

५. रुग्णासाठी बाहेरून आणलेला कोणताही पदार्थ प्रथम कक्षातील सिस्टरांना दाखवावा.

सिस्टर एखादा डबा परत करतात तेव्हा त्यात आणणाऱ्याचा अनादर नसतो, एवढे कृपया ध्यानात घ्यावे. देणगीदारांच्या उदार साहाय्यावर चालणाऱ्या या संस्थेत उपचारांइतकेच रुग्णाच्या ताटाकडेही लक्ष दिले जाते, आणि त्या कामी नातेवाइकांचे सहकार्य आम्हांस असेच मिळत राहावे, ही नम्र विनंती.